मिलिव्होल्टचं शून्य कुठे ठेवायचं?

सोलर बॅटरीचा करंट मोजायला शंट बसवला, ५ व्होल्टवर एलएम३५८ जोडला आणि आउटपुट एका जागी चिकटून बसलं. कुणाचं ३.५ व्होल्टवर, कुणाचं शून्यावर. कुणाचं हलतं, पण भलत्याच प्रमाणात. या तक्रारीची पत्रं आम्हाला नेमाने येतात. सोबत आलेली सर्किटं पाहिली की बहुतेक वेळा चूक एकच निघते. ऑडिओ ॲम्प्लिफायरचं सर्किट जसंच्या तसं डीसी मोजायला घेतलेलं असतं.

त्यात तुमचा दोष नाही. सिंगल सप्लायवर ऑप-ॲम्प शिकवताना पुस्तकं पहिलं सर्किट मायक्रोफोनचंच देतात. दोन सारखे रेझिस्टर लावून पुरवठ्याचा अर्धा व्होल्टेज काढायचा, तो इनपुटला द्यायचा आणि सिग्नल कपॅसिटरमधून आत सोडायचा. आवाजासाठी हे उत्तम चालतं. थर्मोकपल, शंट किंवा लोडसेलच्या मंद डीसी व्होल्टेजला मात्र हेच सर्किट गोत्यात आणतं. ते का, आणि त्याऐवजी काय करायचं, हे या लेखात पाहू. सगळी उदाहरणं ५ व्होल्ट पुरवठ्याची आहेत.

कपॅसिटर काढला की काय बिघडतं

ऑडिओ सर्किटात गेन ठरवणारा खालचा रेझिस्टर एका कपॅसिटरमधून ग्राउंडला जातो. डीसीला तो कपॅसिटर म्हणजे तुटलेली तार. त्यामुळे सिग्नलला गेन ४० मिळत असला तरी डीसीला तो फक्त १ असतो, आणि इनपुटला दिलेला २.५ व्होल्टचा बायस आउटपुटलाही २.५ व्होल्टच राहतो. डीसी मोजायचं म्हणून तुम्ही कपॅसिटर काढता आणि रेझिस्टर थेट ग्राउंडला जोडता. आता बायसलाही ४० चा गेन लागू झाला. २.५ गुणिले ४० म्हणजे १०० व्होल्ट. पाच व्होल्टवरचा ऑप-ॲम्प ते देऊ शकत नाही, म्हणून जमेल तितका वर जाऊन थांबतो. एलएम३५८ साठी ती जागा साधारण ३.५ व्होल्ट.

मग काहीजण तो रेझिस्टर ग्राउंडऐवजी २.५ व्होल्टला जोडतात, पण सिग्नल ग्राउंडपासूनच मोजलेला ठेवतात. आता ऑप-ॲम्पच्या दृष्टीने सिग्नल २.५ व्होल्टने खाली आहे. आउटपुट शून्यावर आपटतं.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा आहे, कारण त्यात सर्किट चालल्यासारखं दिसतं. १० किलोओहमचे दोन रेझिस्टर लावून २.५ व्होल्ट काढले आणि गेनचा १ किलोओहम त्या मधल्या बिंदूला जोडला. तो बिंदू २.५ व्होल्ट दाखवत असला तरी त्याच्यामागे ५ किलोओहमचा आंतररोध आहे, कारण दोन्ही १० किलोओहम त्याच्या बाजूने समांतर दिसतात. ऑडिओत १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हा रोध झाकून टाकतो. डीसीला झाकणारं कुणी नाही. परिणाम जोडणीवर ठरतो:

- सिग्नलला एक विभाजक आणि गेनच्या रेझिस्टरला दुसरा, असे वेगळे विभाजक असतील, तर १ किलोओहमचा प्रत्यक्षात ६ किलोओहम होतो. ३९ किलोओहमच्या फीडबॅकसह ४० चा गेन ७.५ वर येतो. शिवाय दोन विभाजकांतला फरकही त्याच गेनने मोठा होऊन आउटपुटवर दिसतो.
- सेन्सरचं एक टोक आणि गेनचा रेझिस्टर दोन्ही एकाच बिंदूला असतील, तर तो बिंदूच सिग्नलबरोबर हलतो. १० मिलिव्होल्ट आले की तो ५० मिलिव्होल्ट वर सरकतो आणि ग्राउंडपासून मोजलेला गेन ४० ऐवजी ४५ दिसतो.

डीसी मोजताना बायस हा मोजमापाचाच भाग असतो. तुम्ही तिथे नवं शून्य ठेवत असता. ते शून्य कुठे आहे आणि ते हलत नाही ना, हे ठरवल्याशिवाय गेनच्या हिशेबाला हात घालू नका. यापुढे या बिंदूला आपण ‘आधार-व्होल्टेज’ म्हणू.

आधी हे तीन प्रश्न

सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी कागदावर उत्तरं लिहा.

१. सिग्नल ग्राउंडच्या खाली जातो का? बॅटरी फक्त डिस्चार्ज होताना मोजायची असेल तर नाही. चार्ज आणि डिस्चार्ज दोन्ही मोजायचे असतील तर जातो.

२. सेन्सर कशाला जोडलेला आहे? बॅटरीच्या ऋण बाजूच्या शंटचं एक टोक ग्राउंडला असतं. थर्मोकपलचं जंक्शन इन्शुलेटेड असेल तर दोन्ही तारा मोकळ्या असतात आणि आपण त्यांना हवं तिथे बसवू शकतो. लोडसेलच्या दोन्ही सिग्नल तारा ब्रिजमुळे आपोआप २.५ व्होल्टच्या आसपास असतात.

३. सर्वांत लहान कोणता बदल तुम्हाला दिसायला हवा? हा आकडा मिलिव्होल्टमध्ये लिहा. चिपची निवड यावरच होणार आहे.

सिग्नल कायम धन असेल तर

बायसची गरज नाही. हे वाचून अनेकांना आश्चर्य वाटतं, पण सिंगल सप्लाय म्हणजे बायस हवाच असं नाही. एलएम३५८ चे इनपुट ग्राउंडपर्यंत काम करतात, एवढंच नव्हे तर ती चिप त्यासाठीच बनवलेली आहे. साधा नॉन-इन्व्हर्टिंग ॲम्प्लिफायर करा: सिग्नल धन इनपुटला, ऋण इनपुटपासून १ किलोओहम ग्राउंडला, ३९ किलोओहम आउटपुटला. ७५ मिलिव्होल्टचे ३ व्होल्ट होतात.

अडचण तळाला आहे. तिथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र येतात.

पहिली म्हणजे आउटपुट खऱ्या शून्यापर्यंत जात नाही. ‘रेल-टू-रेल’ लिहिलेल्या चिपचं आउटपुटही काही मिलिव्होल्ट ते पंचवीसेक मिलिव्होल्ट वरच थांबतं. एलएम३५८ ग्राउंडजवळ फक्त ५० मायक्रोअँपिअरच्या आसपास करंट आत ओढू शकते. त्याहून जास्त करंट आउटपुटकडे येत असेल, तर ते अर्ध्या व्होल्टच्याही वर अडकतं. आउटपुटपासून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर लावला की तो करंट त्यातून वाहतो आणि परिस्थिती बरीच सुधारते.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑफसेट, आणि खरं नुकसान तोच करतो. दोन्ही इनपुट शॉर्ट केले तरी ऑप-ॲम्पला त्यांच्यात थोडा फरक भासतो. साध्या एलएम३५८ मध्ये तो सहसा २ ते ३ मिलिव्होल्ट असतो, पण डेटाशीट ७ मिलिव्होल्टपर्यंत मुभा देतं. तुमच्याकडे ५० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टचा शंट असेल तर ७ मिलिव्होल्ट म्हणजे ४.७ अँपिअर. ऑफसेट उलट दिशेचा निघाला तर ४.७ अँपिअरपर्यंत तुमचा मीटर ठाम शून्य दाखवेल. घरातले दोन-तीन दिवे रात्रभर बॅटरी खात राहतील आणि मीटरला त्याचा पत्ताही लागणार नाही. सॉफ्टवेअरमध्ये वजाबाकी करूनही हे सुटत नाही, कारण जी माहिती आउटपुटवर आलीच नाही ती कोणत्या आकड्यातून काढणार?

इथे थोडा आधार-व्होल्टेज देण्यात शहाणपण आहे. शून्य २.५ व्होल्टवर न्यायचं कारण नाही, ऑफसेट गुणिले गेन याहून थोडं जास्त पुरे. मग ऑफसेट कोणत्याही दिशेचा असो, आउटपुट तळापासून वर राहतं आणि वजाबाकी करता येते. दुसरा पर्याय म्हणजे ऋण रेल थोडी खाली नेणं. एलएम७७०५ ही चिप त्यासाठीच आहे, ती सुमारे उणे ०.२३ व्होल्ट देते. आयसीएल७६६० उणे ५ व्होल्ट देते आणि एलएम३५८ ला ते चालतं. मात्र कमाल ५.५ व्होल्टवर चालणाऱ्या चिपला ५ आणि उणे ५ असे १० व्होल्ट जोडाल तर ती जळेल.

सिग्नल दोन्ही बाजूंना जात असेल तर

आता आधार-व्होल्टेज खरोखर लागतं. बॅटरीच्या ऋण बाजूला शंट आहे, त्याचं एक टोक सर्किटच्या ग्राउंडला आहे आणि दुसऱ्यावर उणे ७५ ते अधिक ७५ मिलिव्होल्ट येतात, असं धरा. माझी पसंती चार रेझिस्टरच्या डिफरन्स ॲम्प्लिफायरला आहे. जोडणी अशी:

- शंटच्या सिग्नलच्या टोकापासून १० किलोओहम, धन इनपुटला
- धन इनपुटपासून २४० किलोओहम, आधार-व्होल्टेजला
- शंटच्या ग्राउंडच्या टोकापासून १० किलोओहम, ऋण इनपुटला
- ऋण इनपुटपासून २४० किलोओहम, आउटपुटला

आउटपुट = आधार-व्होल्टेज + २४ × शंटवरचा व्होल्टेज. आधार २.५ व्होल्ट ठेवला तर आउटपुट ०.७ ते ४.३ व्होल्टमध्ये फिरतं आणि दोन्ही रेलपासून सुरक्षित अंतर राहतं.

या सर्किटचा दुसरा गुण मला जास्त आवडतो. शंटवर उणे ७५ मिलिव्होल्ट आले तरी धन इनपुटवर सुमारे २८ मिलिव्होल्ट असतात, अधिक ७५ ला सुमारे १७२. आधार-व्होल्टेज २४० किलोओहममधून इनपुटलाही थोडं वर उचलून धरतं. ऑप-ॲम्पच्या पायावर ऋण व्होल्टेज येतच नाही. एलएम३५८ चा इनपुट ग्राउंडच्या ०.३ व्होल्टहून खाली गेला तर आतल्या ट्रान्झिस्टरचं वागणं बिघडतं आणि आउटपुट उलट दिशेला उडी मारू शकतं, म्हणून हे महत्त्वाचं.

एलएम३५८ वापरायची असेल तर तिचं आउटपुट ३.५ व्होल्टच्या वर जात नाही हे विसरू नका. गेन २० आणि आधार १.८ व्होल्ट ठेवा, म्हणजे आउटपुट ०.३ ते ३.३ मध्ये बसेल. पुरवठ्याचा अर्धा हाच आधार असला पाहिजे असा नियम नाही. चार्जिंग कमाल १० अँपिअर आणि डिस्चार्ज ५० अँपिअर असेल, तर शून्य सरळ एका बाजूला सरकवा आणि मोठ्या बाजूला जागा द्या.

एक धोका ठळक सांगतो. हे सर्किट बॅटरीच्या धन बाजूच्या शंटला लावू नका. १२ व्होल्टच्या तारेवर शंट असेल तर ५ व्होल्टच्या चिपच्या पायावर साधारण साडेअकरा व्होल्ट येतील आणि चिप जाईल. ती तगली असती तरी १ टक्क्याच्या चार रेझिस्टरमधल्या फरकामुळे, १२ व्होल्टचा भाग १९ मिलिव्होल्टपर्यंत सिग्नल म्हणून दिसू शकला असता. आपल्या शंटवर ते जवळपास १३ अँपिअर होतात. धन बाजूसाठी वेगळ्या चिप आहेत, त्यांच्याकडे शेवटी येऊ.

मोकळा सेन्सर: थर्मोकपल

के-टाइप थर्मोकपल एका अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देतं. ४०० अंशाला, थंड टोक शून्य अंशावर असेल तर, १६.४ मिलिव्होल्ट. इथे थर्मोकपलची ऋण तार आणि गेनचा १ किलोओहम दोन्ही एकाच भक्कम आधार-व्होल्टेजला जोडा. ०.५ व्होल्ट पुरेसे आहेत. फीडबॅक २०० किलोओहम घेतला तर गेन २०१ होतो आणि ४०० अंशाला आउटपुट सुमारे ३.८ व्होल्ट येतं. थंड टोकापेक्षा गरम टोक गार झालं तरी आउटपुट अर्ध्या व्होल्टच्या खाली जाऊन वाचता येतं.

एलएम३५८ इथे वापरू नका, मग घरात पडलेली असली तरी. तिचा ७ मिलिव्होल्टचा ऑफसेट म्हणजे १७० अंश! तो वजा केला तरी तापमानाबरोबर तो सरकतो, साधारण ७ मायक्रोव्होल्ट प्रति अंश. भट्टीजवळचा डबा १० अंशांनी तापला की वाचनात पावणेदोन अंशांची चूक.

जंक्शन बाहेरच्या धातूच्या नळीला वेल्ड केलेलं असेल आणि ती नळी यंत्राच्या बॉडीमार्फत ग्राउंडला लागत असेल, तर तुमचं ०.५ व्होल्टचं आधार-व्होल्टेज थेट शॉर्ट होतं. जोडण्यापूर्वी तार आणि नळी यांच्यात मल्टिमीटरने कंटिन्युइटी पाहा. तार तुटली तर कळावं म्हणून धन इनपुटपासून ५ व्होल्टला १० मेगाओहम लावा. मग तुटल्यावर आउटपुट वर जाऊन थांबेल आणि भट्टी आंधळेपणाने तापत राहणार नाही.

आधार-व्होल्टेज भक्कम कसं करायचं

डिफरन्स ॲम्प्लिफायरमध्ये कच्चा विभाजक कसा त्रास देतो याचा हिशेब करून पाहिला आहे. १० किलोओहमच्या दोन रेझिस्टरचा बिंदू थेट २४० किलोओहमला जोडला तर गेन जवळपास तोच राहतो, पण शून्य ४९ मिलिव्होल्टने खाली येतं. शंटच्या भाषेत १.३६ अँपिअर. बॅटरी नुसती पडून असताना मीटर सव्वा अँपिअरहून जास्त दाखवत असेल तर हे कारण आधी तपासा.

उपाय तीन आहेत:

- विभाजक आणि बफर. ऑप-ॲम्पच्या पॅकेजमध्ये सहसा दोन असतात. दुसऱ्याचं आउटपुट त्याच्याच ऋण इनपुटला जोडा आणि विभाजकाचा मधला बिंदू धन इनपुटला द्या. गाळणीचा कपॅसिटर विभाजकाच्या बिंदूवर लावा, बफरच्या आउटपुटवर नको. तिथे मोठा कपॅसिटर लावला तर अनेक ऑप-ॲम्प आंदोलन सुरू करतात आणि मल्टिमीटरला ते भरकटणाऱ्या आकड्यासारखं दिसतं.
- टीएल४३१. ५ व्होल्टपासून १ किलोओहम लावला की ही स्वस्त चिप २.५ व्होल्टच्या अगदी जवळ स्थिर राहते आणि तिचा आंतररोध नगण्य असतो. तिला किमान १ मिलिअँपिअर हवा, १ किलोओहममधून अडीच मिळतात. तिच्यावरही मनाला येईल तो कपॅसिटर लावू नका.
- बनवलेला रेल-स्प्लिटर. टीएलई२४२६ तीन पायांत विभाजक आणि बफर दोन्ही देते.

यातला कोणता घ्यायचा, हे एडीसीच्या संदर्भावर ठरतं. आर्डुइनो उनोचा एडीसी सहसा ५ व्होल्टच्या पुरवठ्यालाच संदर्भ मानतो. यूएसबीवरचा तो पुरवठा ४.७ झाला, पुन्हा ५ झाला, तर विभाजकाचा बिंदूही त्याच प्रमाणात हलतो आणि शून्याचं वाचन ५१२ च्या आसपास टिकून राहतं. टीएल४३१ मात्र जागेवर उभी राहते आणि एडीसीची मोजपट्टीच ताणली जाते. म्हणून दोन्ही पुरवठ्याबरोबर हलू द्या, किंवा दोन्ही स्थिर ठेवा. एक हलतं आणि एक स्थिर, ही जोडी टाळा. माझा नेहमीचा उपाय याहून सोपा आहे. एडीसीच्या दुसऱ्या चॅनेलला आधार-व्होल्टेज द्या आणि प्रोग्राममध्ये प्रत्येक वेळी आउटपुटमधून ते वजा करा. एक तार जास्त जाते, पण शून्याच्या सरकण्यातला मोठा भाग तिथेच संपतो.

चिप निवडताना

- एलएम३५८: स्वस्त, सगळीकडे मिळते. ऑफसेट ७ मिलिव्होल्टपर्यंत. शंभर मिलिव्होल्टच्या आसपासच्या सिग्नलला ठीक. इनपुटमधून २५० नॅनोअँपिअरपर्यंत करंट वाहू शकतो, म्हणून सेन्सरच्या मार्गात मोठा रेझिस्टर नको. १०० किलोओहमवर त्याचे २५ मिलिव्होल्ट होतात.
- एमसीपी६००२: रेल-टू-रेल, इनपुट करंट नगण्य, पण ऑफसेट साडेचार मिलिव्होल्टपर्यंत. रेल-टू-रेल आणि अचूकता हे दोन वेगळे गुण आहेत. ही गल्लत फार होते.
- एमसीपी६०२२: रेल-टू-रेल आणि ऑफसेट अर्धा मिलिव्होल्ट. डिप पॅकेजमध्ये मिळते म्हणून ब्रेडबोर्डवर बसते. शंटच्या कामाला मी हीच सुचवतो.
- ओपीए३३३: ऑफसेट कमाल १० मायक्रोव्होल्ट, म्हणजे थर्मोकपलचा पाव अंश. लहान एसएमडी चिप आहे, अडॅप्टर बोर्डवर सोल्डर करावी लागेल.

७४१ आणि टीएल०७२ या कामातून बाद समजा. दोन्ही दुहेरी पुरवठ्यासाठी बनल्या आहेत आणि त्यांच्या इनपुटला ऋण रेलपासून काही व्होल्ट अंतर लागतं. ओपी०७ चा ऑफसेट उत्तम आहे, पण तीही सिंगल ५ व्होल्टवर ग्राउंडजवळ काम करणार नाही.

तारांकडे दुर्लक्ष नको

५० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टचा शंट म्हणजे दीड मिलिओहम. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा फक्त १० सेंटिमीटरचा तुकडा १.७ मिलिओहमचा असतो. सेन्सची तार मोठ्या बोल्टच्या लगला लावली, तर तुम्ही शंटइतकीच तारही मोजता. शंटवर मोठ्या बोल्टच्या आत दोन लहान स्क्रू दिलेले असतात ते याचसाठी. सेन्सच्या दोन्ही तारा तिथून, एकमेकींना पीळ देऊन आणा. सर्किटचं ग्राउंड शंटच्या एकाच टोकाला जोडा. रिले, फॅन किंवा मोटरचा परतीचा करंट त्या तारेतून जाता कामा नये.

तपासणीचा क्रम

सेन्सर जोडून थेट आउटपुट पाहू नका. क्रमाने जा.

१. चिप न बसवता तिच्या पायांवर पुरवठा आणि ग्राउंड योग्य जागी आहेत का ते मोजा.

२. चिप बसवा आणि दोन्ही सेन्स तारा एकमेकींना शॉर्ट करा. शंटच्या सर्किटात त्यांना ग्राउंडला, मोकळ्या सेन्सरच्या सर्किटात आधार-व्होल्टेजला जोडा.

३. आधार-व्होल्टेज मोजा. मग दोन्ही इनपुट मोजा. सर्किट ताब्यात असेल तर त्यांच्यात काही मिलिव्होल्टहून जास्त फरक नसतो. वरच्या डिफरन्स ॲम्प्लिफायरमध्ये दोन्हींवर ०.१ व्होल्ट दिसायला हवेत. फरक मोठा असेल तर आउटपुट रेलला चिकटलेलं आहे. गेन तपासण्यात वेळ घालवू नका, जोडणीतली चूक शोधा.

४. आउटपुट मोजा. ते आधार-व्होल्टेजच्या जवळ हवं. १ टक्क्याचे रेझिस्टर असतील तर ते शंभरेक मिलिव्होल्ट इकडे-तिकडे असू शकतं. ही चूक स्थिर असते. हा आकडा शून्य म्हणून साठवा.

५. आता माहीत असलेला व्होल्टेज द्या. दीड व्होल्टचा सेल, १० किलोओहम आणि १०० ओहम यांच्या विभाजकातून सुमारे १४.८ मिलिव्होल्ट मिळतात. ते मल्टिमीटरच्या २०० मिलिव्होल्टच्या रेंजवर खात्री करून घ्या. सेल उलटा केला की ऋण सिग्नल तयार. दोन्ही बाजू मोजणाऱ्या सर्किटात दोन्हींसाठी आउटपुटचा बदल, जोडलेल्या अवस्थेत मोजलेल्या व्होल्टेजच्या गेनपट यायला हवा.

६. चिपवर बोट ठेवून अर्धा मिनिट थांबा. मग हेअर ड्रायरची ऊब द्या. शून्य किती सरकतं ते लिहून ठेवा. पहिल्या कागदावरच्या ‘सर्वांत लहान बदला’पेक्षा ते जास्त असेल तर चिप बदला.

खरेदी आणि तुमचे हक्क

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत सुटे भाग घेताना छपाई पुसून दुसरा क्रमांक टाकलेल्या चिप हाती येण्याची भीती असते. महागड्या प्रिसिजन चिपच्या बाबतीत ती जास्त. वरची चौथी पायरी इथेही कामाला येते. १० मायक्रोव्होल्टची म्हणून घेतलेली चिप २ मिलिव्होल्टचा ऑफसेट दाखवत असेल तर ती तशी नाही. मात्र हे तपासताना रेझिस्टरची चूक मध्ये येऊ नये म्हणून तारा थेट आधार-व्होल्टेजला शॉर्ट करून नॉन-इन्व्हर्टिंग जोडणीत मोजा.

रकमेकडे न पाहता पक्कं बिल घ्या आणि त्यावर चिपचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणंही त्यातच येतं. बिलावर मुदत नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. स्वतःच्या वापरासाठी किंवा स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या मालाला हे संरक्षण आहे; फेरविक्रीसाठी घेतलेल्याला नाही. दुकानदाराशी बोलून भागलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

ऑप-ॲम्प नकोच, असं कधी?

शिकण्यासाठी करत असाल तर वरचं सर्किट जरूर बांधा. शेतावर किंवा कारखान्यात वर्षानुवर्षं चालायला हवं असेल, तर आधी तयार चिप पाहा. शंटसाठी आयएनए२२६ दोन्ही दिशांचा ८१.९२ मिलिव्होल्टपर्यंत सिग्नल स्वतःच मोजते, ७५ मिलिव्होल्टचा शंट तिच्यात नेमका बसतो, आणि ३६ व्होल्टपर्यंतच्या धन बाजूलाही ती लावता येते. थर्मोकपलसाठी मॅक्स३१८५५ थंड टोकाची दुरुस्तीही करते. लोडसेलसाठी एचएक्स७११ वापरा. ५ व्होल्टवर २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्टचा लोडसेल पूर्ण वजनाला फक्त १० मिलिव्होल्ट देतो, आणि सुट्या रेझिस्टरच्या डिफरन्स ॲम्प्लिफायरने ते काम नीट होत नाही. ब्रिजचा ३५० ओहमचा रोध आणि १ टक्क्याचे रेझिस्टर मिळून शून्य बिघडवतात.

आम्हाला लिहिताना

एवढं करूनही आउटपुट अडलं, तर पत्रात ‘सर्किट चालत नाही’ याच्या पुढचं लिहा. सेन्स तारा शॉर्ट असताना मोजलेले पाच आकडे द्या: पुरवठा, आधार-व्होल्टेज, धन इनपुट, ऋण इनपुट आणि आउटपुट. सगळे ग्राउंडपासून मोजलेले, एकाच बैठकीत. त्यासोबत चिपचा क्रमांक, रेझिस्टरची मूल्यं, सेन्सरचं कोणतं टोक कुठे जोडलंय आणि शंट असेल तर तो बॅटरीच्या कोणत्या बाजूला आहे, हे लिहा. बोर्डाच्या फोटोपेक्षा हाताने काढलेली आकृती जास्त उपयोगी पडते.